दाराशेजारची जागा

विमानाच्या पंखालगतच्या रांगेत कोणाला बसू द्यावे, हा काही मराठीच्या प्राध्यापिकेने लेखासाठी घ्यावा असा विषय नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरीही गेली दोन वर्षे हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. त्याचे कारण माझ्याच एका वागण्यात आहे, म्हणून लिहिते आहे.

ज्यांचा विमानप्रवास क्वचित घडतो त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. आपल्याकडे देशांतर्गत प्रवासात सर्रास दिसणाऱ्या एअरबस ए-३२० जातीच्या विमानाला पुढे आणि मागे मोठी दारे असतात. त्याखेरीज मधोमध, पंखांवर उघडणारी चार लहान दारे असतात, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे. मोठ्या दारांपाशी विमानाचे कर्मचारी बसतात. पंखांवरच्या दारांपाशी मात्र प्रवासी बसतात, आणि वेळ आलीच तर ते दार त्यांनीच उघडायचे असते. या रांगांत पाय पसरायला जागा जास्त असते. त्या जागेसाठी तिकिटावर काहीशे रुपये जादा घेतले जातात. आपण ते पायांसाठी देतो, दार मात्र त्याबरोबर न मागता पदरात पडते.

एका चर्चासत्रासाठी मी पुण्याहून दिल्लीला निघाले होते. त्या वेळी माझा उजवा खांदा सहा-सात महिन्यांपासून आखडलेला होता. डॉक्टर त्याला फ्रोजन शोल्डर म्हणतात. वर्गात फळ्यावर लिहायचे तर मी हात छातीच्या वर नेऊ शकत नसे, त्यामुळे अर्धा फळा कोराच राहायचा. केस विंचरायचे काम मुलीकडे गेले होते. गुडघेही कुरकुरत होतेच. दोन तास पाय आखडून बसण्यापेक्षा पैसे गेले तरी चालतील, असा विचार करून मी बाराव्या रांगेतली मधली जागा घेतली.

खिडकीशी एक गृहस्थ आधीच येऊन उभे होते. पांढरा सदरा, धोतर, डोक्याला टोपी, साठीच्या अलीकडचे वय. मी बॅग वर ठेवण्यासाठी डाव्या हाताने धडपडत होते. ते पाहून त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि एका हाताने सहज वरच्या कप्प्यात सरकवली. आठ-नऊ किलोंची तरी असेल. मग बसल्या बसल्या बोलणे झाले. गाव साताऱ्याकडचे, मुलगा सैन्यात, सध्या दिल्लीला. त्यानेच तिकीट काढून पाठवलेले. "म्हनला, पाय लांब करून या, आबा. म्हनून ही जागा," ते म्हणाले. मी त्यांना मामा म्हणत होते, ते मला ताई.

थोड्या वेळाने हवाई सुंदरी आली. विशी-बाविशीची, चेहऱ्यावरून दमलेली. तिने आमच्या रांगेकडे पाहून इंग्रजीत पाठ म्हणावा तसे सगळे एका दमात सांगितले आणि शेवटी विचारले, गरज पडल्यास मदत करायची तुमची तयारी आहे ना? मी "यस" म्हणाले. ती मामांकडे वळली. मामा म्हणाले, "न्हाई कळलं, पोरी. जरा हळू सांग की." तिला मराठी येत नव्हते. तिने हिंदीत सांगून पाहिले, पण त्या हिंदीतही लॅच, हँडल, इव्हॅक्युएशन हे शब्द तसेच होते. मामांनी लक्ष देऊन ऐकले आणि पुन्हा मान हलवली. "थोडं कळलं. समदं न्हाई."

तिने त्यांना उठवले. उद्धटपणे नव्हे, हे सांगायला हवे. 'सॉरी अंकल' म्हणत, हाताला धरून, मागच्या कुठल्याशा रांगेत नेले. त्यांच्या जागी मागून एक तरुण येऊन बसला. कानांत त्याने बोंडे घातलेली होती. तिने तोच पाठ पुन्हा म्हटला, त्याने कानातले न काढता अंगठा उंचावला, आणि प्रश्न मिटला.

या सगळ्या वेळात मी काय करत होते? काहीच नाही. पंचवीस वर्षे भाषा शिकवून पोट भरणारी बाई, दोन माणसांच्या मध्ये बसलेली, दोघांच्याही भाषा येणारी. चार वाक्यांचे काम होते. विमानाला आधीच उशीर झाला होता, लोक खोळंबले होते, अशी कारणे तेव्हा मी मनाशी दिली. खरे कारण वेगळे होते आणि ते मला त्याच क्षणी माहीत होते. मी तोंड उघडले असते तर त्या रांगेत कोण बसण्यास लायक आहे, हा प्रश्न खरोखरच विचारला गेला असता. मग तो माझ्या खांद्यापर्यंतही आला असता.

दिल्लीला सामानाच्या पट्ट्यापाशी मामा पुन्हा भेटले. राग वगैरे काही नव्हता. पट्ट्यावरून माझी मोठी बॅगही त्यांनीच उतरवली. मग सहज कुतूहलाने म्हणाले, "ताई, ती पोरगी त्या दरवाज्याचं काय सांगत हुती? कसा उघडायचा म्हनायचा त्यो?"

मी सांगायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला अडले. दार आत ओढायचे की बाहेर ढकलायचे? ते बिजागरीवर फिरते की निखळून हातात येते? आल्यावर त्याचे करायचे काय? मला यातले काही ठाऊक नव्हते. समोरच्या खणातले सूचनापत्रक मी बाहेरसुद्धा काढले नव्हते. ज्या माणसाने "समदं न्हाई कळलं" असे खरे सांगितले त्याला उठावे लागले, आणि जिला काहीच कळले नव्हते ती "यस" म्हणून बसून राहिली. "बघून सांगते," असे काहीतरी मी पुटपुटले. तेवढ्यात त्यांचा मुलगा त्यांना न्यायला आला.

*

परत आल्यावर मी वाचू लागले. आधी अपराधभावाने, मग विषयातच गुंतत गेले म्हणून.

या रांगेच्या आजच्या स्वरूपामागे एक मोठी दुर्घटना आहे. २२ ऑगस्ट १९८५ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टरच्या धावपट्टीवर, उड्डाणासाठी धावत असतानाच एका बोइंग ७३७ विमानाचे डावे इंजिन फुटले आणि आग लागली. विमान जमिनीवरच होते, थांबलेही होते, तरी ५५ माणसे गेली, बहुतेक धुराने. उजव्या पंखावरच्या दाराशी बसलेली प्रवासी ते उघडू पाहत होती, पण घाईत ती आसनाचा हातच मूठ समजून ओढत राहिली. शेजारच्या मैत्रिणीने वाकून खरी मूठ ओढली तेव्हा सुमारे बावीस किलोंचे ते दार आत, तिच्याच अंगावर कोसळले आणि ती त्याखाली अडकली. मागच्या रांगेतल्या एका माणसाने ते उचलून बाजूला टाकले. यात सुमारे पाऊण मिनिट गेले. नव्या विमानाला मान्यता देताना, निम्मी दारे बंद ठेवूनही, भरलेले विमान ९० सेकंदांत रिकामे होते हे दाखवावे लागते. त्या हिशेबात पाऊण मिनिट म्हणजे निम्मा वेळ.

त्यानंतर ब्रिटनमध्ये या दारांपाशी जास्त मोकळी जागा ठेवणे सक्तीचे झाले. क्रॅनफिल्ड येथे हेलन म्यूर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी विमानातून बाहेर पडण्याचे प्रयोग केले. आधी बाहेर पडणाऱ्या निम्म्या लोकांना पाच पौंड जादा मिळतील, एवढे सांगताच दारांपाशी माणसे एकमेकांवर कशी कोसळतात, हे त्यातून दिसले. थोडक्यात, जी जागा आपण पाय पसरण्यासाठी विकत घेतो ती मुळात पायांसाठी नव्हतीच. बाहेर पडणाऱ्यांच्या लोंढ्याला वाट मिळावी म्हणून ती सोडली गेली. सुखसोय म्हणून तिची विक्री नंतर सुरू झाली.

इथे कोणी बसावे याचा लेखी नियम अमेरिकेत १९९० साली झाला, आणि त्याच धर्तीचे निकष आपल्याकडच्या कंपन्याही लावतात. वय किमान पंधरा. दोन्ही हातांत आणि पायांत पुरेसे बळ आणि हालचाल. चष्मा लावून पाहता येणे, श्रवणयंत्र लावून ऐकता येणे. छापील आणि तोंडी सूचना समजणे, आणि समजलेले इतरांना बोलून सांगता येणे. सोबत लहान मूल किंवा अशी दुसरी जबाबदारी नसणे. शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटली, ती म्हणजे तयारी असणे. तयारी नसेल तर प्रवाशाने तसे सांगावे. त्याला दुसरी जागा देणे बंधनकारक आहे, आणि त्याचे कारण त्याला विचारता येत नाही.

या अटी सर्वांना मान्य होत्या असे नाही. अमेरिकेतील अंध व्यक्तींच्या संघटनेने त्यांना कडाडून विरोध केला. धुराने भरलेल्या अंधाऱ्या विमानात डोळसांचे डोळे काय कामाचे, उलट अंधारात वाट काढण्याची सवय आम्हालाच असते, असे त्यांचे म्हणणे. हा युक्तिवाद मला सहजासहजी खोडता येत नाही. त्याला एकच उत्तर सुचते. दार उघडण्याआधी खिडकीतून बाहेर पाहायचे असते. बाहेर आग असेल तर ते दार बंद ठेवणे हेच काम. मँचेस्टरला डावा पंख पेटलेला होता, उजवा नव्हता. एवढ्यापुरते डोळे लागतात. पण हे उत्तर देतानाही आपण कोणाला तरी शरीरावरून नाकारतो आहोत, याची बोच राहते, आणि ती राहिलेलीच बरी.

शिवाय धडधाकट शरीर म्हणजे हमी नव्हे. १ फेब्रुवारी १९९१ रोजी लॉस एंजेलिसच्या धावपट्टीवर दोन विमानांची टक्कर झाली. त्यात पंखावरच्या दाराशी बसलेली प्रवासी भीतीने जागच्या जागी थिजली, आणि दुसऱ्या प्रवाशाला पुढे होऊन दार उघडावे लागले. दाराशी दोन पुरुषांची झटापटही झाली. कोण थिजेल आणि कोण उभा राहील, हे विचारून कळत नाही. विचारून कळू शकते ते एवढेच, की ऐकणाऱ्याला सांगितलेले समजले आहे का आणि तो खरे बोलतो आहे का.

*

भाषेच्या अटीपाशी मी सर्वाधिक रेंगाळले, हे ओघाने आलेच.

सप्टेंबर २०२२ मध्ये विजयवाडा ते हैदराबाद विमानात असाच प्रसंग घडला होता. फक्त तेलुगू समजणाऱ्या एका स्त्रीला अशाच जागेवरून उठवून दुसरीकडे बसवण्यात आले. एका सहप्रवासी प्राध्यापिकेने ते जाहीरपणे लिहिले आणि तेलंगणाचे तेव्हाचे मंत्री के. टी. रामाराव यांनी कंपन्यांना स्थानिक भाषांचा मान राखण्याचे आवाहन केले. आंध्रातून निघून तेलंगणात उतरणारे विमान, आणि त्यात तेलुगू येणारी बाई सुरक्षेच्या दृष्टीने अपुरी! ती प्राध्यापिका बोलली, मी गप्प बसले, हा फरक वाचताना मला टोचला.

पण हा प्रश्न केवळ अस्मितेचा करून सोडवता येत नाही, असे मला वाटते. मामांना त्या दिवशी उठवले ते, त्या क्षणापुरते, योग्यच होते. 'हे दार उघडू नका, पलीकडून जा' अशी आरोळी त्यांना समजली नसती तर त्यांचे बळकट हात घातकच ठरले असते. भाषेची अट अन्यायाची नाही. मात्र समजणे या क्रियेला दोन टोके असतात. समजून घेणारा एका टोकाला, समजावून देणारा दुसऱ्या टोकाला. नियम पहिल्या टोकाची परीक्षा घेतो. दुसऱ्या टोकाला जो उभा आहे त्याने पुण्याहून सुटणाऱ्या विमानात चार मराठी वाक्ये पाठ करून यावे, अशी अपेक्षाही कोणी ठेवत नाही. शिवाय अट फक्त आज्ञा समजण्याची नाही, ती इतरांना सांगण्याचीही आहे. धुरात मागच्या दहा रांगांना ओरडून वाट दाखवायची तर ती कोणत्या भाषेत? त्या विमानात 'इकडं या, इकडं' ही हाक माझ्या 'यस'पेक्षा जास्त लोकांपर्यंत पोहोचली असती.

आणि त्या 'यस'चे काय? आपण शिक्षक त्याला चांगले ओळखतो. तास संपताना आपण विचारतो, "समजलं?" सत्तर जण एका सुरात "हो" म्हणतात. तो होकार समजल्याचा नसतो, तास संपावा याचा असतो. विचारणाऱ्यालाही तेच हवे असते. चुकून एखादी मुलगी "नाही समजलं" म्हणाली तर सगळा वर्ग तिच्याकडे वळून पाहतो आणि आपणही घड्याळाकडे पाहतो. विमानातल्या त्या दमलेल्या मुलीने मला जो प्रश्न विचारला तो मी वर्षानुवर्षे विचारत आले आहे, आणि मी दिलेले उत्तर वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. त्या रांगेत "न्हाई कळलं" म्हणणारा एकच माणूस होता, आणि व्यवस्थेने नेमका त्यालाच बाजूला केले.

माझ्या आजोळच्या वाड्यात दिंडी दरवाजाशेजारच्या ढेलजेत थोरले मामा झोपत. ते घरातले सर्वांत सशक्त होते म्हणून नव्हे. त्यांची झोप सावध होती, अडसर कसा निघतो हे त्यांच्या हातांना अंधारात माहीत होते, आणि आजारपण आले की ते आपणहून सांगत, "आज मला आत टाका, दाराशी दुसऱ्याला झोपवा." ढेलजेतली जागा हवेशीर होती, उन्हाळ्यात सगळ्यांना हवीशी वाटे. पण हवेसाठी ती कुणाला मिळत नसे.

विमानातल्या त्या रांगेत कोणाला बसू द्यावे, याचे माझे उत्तर यापलीकडे जात नाही. ज्याला दार कसे उघडते ते स्वतःच्या शब्दांत सांगता येते, ज्याचे हात ते उचलू शकतात, आणि आज आपल्याला जमणार नाही हे जो मोकळेपणी सांगू शकतो, त्याला. पाय लांब आहेत म्हणून नव्हे, पैसे भरले म्हणूनही नव्हे. विचारायचेच तर 'समजले का' असे न विचारता 'सांगा बघू' असे विचारावे. त्याला मिनिटभर जास्त लागेल, आणि हे कंपन्यांना परवडणार नाही असे मला सांगितले जाईल, हे मी जाणून आहे. पण या मिनिटाचा जमाखर्च मँचेस्टरच्या पाऊण मिनिटाशी मांडून पाहावा.

मी आता वर्गात 'समजलं का' विचारणे सोडले आहे. म्हणजे प्रयत्न करते आहे. सवय जुनी आहे.

गेल्या डिसेंबरात पुन्हा विमानाने जायचे होते. तिकीट महाविद्यालयाने काढले होते आणि जागा योगायोगाने पुन्हा पंखालगतची निघाली. खांदा बराच सुटला होता, तरी पूर्ण नाही. हवाई सुंदरीने पाठ म्हटला, तयारी विचारली. मी म्हणाले, "नाही." तिने क्षणभर पाहिले. कारण विचारले नाही. नियम तिला ठाऊक असावा. मला अगदी शेवटच्या रांगेत, स्वच्छतागृहाला लागून जागा मिळाली. तिथे आसन मागेही रेलत नाही. दोन तास गुडघे पुढच्या आसनाला टेकले होते.

तिथे बसून मी खणातले पत्रक काढले आणि त्यातली चित्रे पाहत वहीत मराठीत उतरवून काढले: विमान पूर्ण थांबल्यावर, सांगतील तेव्हाच उठा. आधी खिडकीतून बाहेर पाहा; आग किंवा धूर दिसला तर हे दार उघडू नका. मुठीवरचे झाकण काढून मूठ ओढा. दार निखळून हातात येईल, पंधरा किलोंचे आहे, दोन्ही हातांनी धरून बाहेर फेका. आधी पाय बाहेर टाकून पंखावर या, आणि मागच्यांना हाक मारा.

पाचच वाक्ये झाली. मामांचा पत्ता मी तेव्हा विचारून घेतला नव्हता.